कवायतीतून माफी

शाळांच्या जुन्या कागदपत्रांत एक अर्ज हमखास सापडतो. माझ्या पाल्याचा पाय अधू असल्याने त्यास कवायतीतून माफी मिळावी, अशी दोन ओळींची विनंती. खाली वडिलांची सही किंवा अंगठा, आणि समासात मुख्याध्यापकांचा लाल शाईतला एकच शब्द : 'मंजूर'. आमच्या वारासिवनीसारख्या दुभाषी गावात असे अर्ज हिंदीतही असतात. तिथे 'माफी'ऐवजी 'छूट' लिहिलेले असते, एवढाच फरक. असा अर्ज कुणी नामंजूर केल्याचे मला आजवर आढळलेले नाही. नामंजूर करण्यासारखे त्यात होते तरी काय? पोराचे हित पाहणारा बाप, दयाळू हेडमास्तर आणि सुटलेले पोर. सगळेच भले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या 'मंजूर' शब्दाचे कुतूहल वाटत आले आहे. भूगोलाच्या किंवा गणिताच्या तासातून कुणी माफी मागत नाही, मागितली तरी मिळत नाही. मग शरीराच्या शिक्षणातूनच ती इतक्या सहज का मिळावी? आणि ज्याच्या शरीराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, नेमके त्यालाच का मिळावी?

त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. आमचा बालाघाट जिल्हा १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तोवर आमची राजधानी नागपूर होती. शिक्षणखात्याचा हुकूम नागपूरहून यायचा, आणि शाळेतल्या चालीरीतीही वऱ्हाड-नागपूरकडच्याच होत्या. त्यामुळे आमच्या मैदानाची कुळकथा सांगायची तर तिचा बराचसा भाग आजच्या सीमेपलीकडे घडलेला आहे.

इंग्रजी अमदानीत शाळांमध्ये कवायत शिरली ती पलटणीतून. शिकवायला बहुधा पेन्शनीत निघालेला एखादा हवालदार असे. रांग सरळ हवी, पाऊल एकदम पडायला हवे, हुकूम सुटताच सगळी शरीरे एकाच वेळी वळायला हवीत, एवढेच त्याला ठाऊक. 'सावधान' आणि 'विश्राम' हे दोन शब्द मराठीत आणि हिंदीत अगदी सारखे आहेत. सीमेवरच्या शाळेत भाषेवरून कितीही कुरबूर होवो, सकाळच्या प्रार्थनेला या दोन शब्दांवर कधी वाद झाल्याचे ऐकिवात नाही! पण या कवायतीचा स्वभावच असा, की तिला एकसारखी शरीरे लागतात. लंगडणारा मुलगा रांगेत उभा राहिला तर बिघाड रांगेत दिसतो. पलटणीत अशा माणसाला नापास करून घरी पाठवतात. शाळेला घरी पाठवता येईना, म्हणून तिने त्याला झाडाखाली बसवले.

दुसरा प्रवाह आखाड्याचा. १९१४ मध्ये अमरावतीला अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. पारतंत्र्यातला देश दुबळा झाला आहे, तरुणांची मनगटे बळकट झाली पाहिजेत, ही त्यामागची तळमळ. लाठी, लेझीम, मलखांब, कुस्ती आणि आट्यापाट्या यांना या मंडळाने शिस्तीचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक तिथे गेले आणि कबड्डीसह आपले देशी खेळ त्याने जगाला करून दाखवले. आपल्या भागातल्या शाळांना व्यायामशिक्षक पुरवण्यातही मंडळाचा वाटा मोठा. 'अमरावतीहून शिकून आलेले मास्तर' ही एके काळी आमच्याकडे मोठ्या मानाची ओळख होती. त्या मंडळींविषयी माझ्या मनात आदरच आहे. खेड्यापाड्यातल्या पोरांना त्यांनी लाजणे सोडून मैदानात यायला शिकवले. पण त्यांच्या डोळ्यांपुढचे चित्र मारुतीचे होते. देश बलवान करायचा होता, आणि त्या चित्रात कुबडी घेतलेल्या मुलाला जागा कुठे द्यावी, हे कुणाला सुचलेले दिसत नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? जगात त्या वेळी इतरत्रही ते कुणाला फारसे सुचलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, पण हे चित्र बदलले नाही. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडचे आपले मराठी गृहस्थ. त्यांनी १९५४ मध्ये निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. पुढे ती अनेक शाळांत पोहोचली, आणि १९६५ च्या सुमारास राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये मिळून गेली. १९५९-६० मध्ये केंद्र सरकारने शारीरिक क्षमतेची मोहीम काढली. ठराविक वेळात धावा, ठराविक अंतर उडी मारा, गोळा फेका आणि बिल्ला मिळवा. बिल्ल्यावर एक, दोन किंवा तीन तारे. अनेक जुन्या विद्यार्थ्यांनी ते बिल्ले जपून ठेवले आहेत आणि अजून ते कौतुकाने दाखवतात. ज्याच्यासाठी कोणतेच कोष्टक नव्हते, त्याच्या छातीवर मात्र कसलाच बिल्ला लागला नाही.

हीच ती वर्षे, जेव्हा जवळजवळ प्रत्येक वर्गात पोलिओ झालेला एखादा मुलगा असे. आजच्या मुलांना हे सांगून खरे वाटत नाही. जंगली पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे मात्र तो मुलगा स्पष्ट उभा आहे. एक पाय काठीसारखा बारीक, गुडघ्यावर हात दाबून चालणारा, डोक्याने तल्लख. कवायतीच्या तासाला त्याचे काम ठरलेले असे : इतरांच्या चपला, घड्याळे आणि सदरे सांभाळणे. फार तर कबड्डीचे गुण लिहिणे. सगळे त्याच्याशी चांगलेच वागत. पण त्याच्याकडून कसली अपेक्षा मात्र कुणी ठेवीत नसे.

त्या बसून राहण्याने त्याचे काय होत होते, हे आज वैद्यकशास्त्र नीट सांगू शकते. बारा ते सोळा या वयात हाडे झपाट्याने वाढतात. स्नायू आधीच आखडलेले असतील तर ते त्या वाढीला पुरे पडत नाहीत. सांधे वाकतात आणि वाकलेलेच राहतात. अंगावर वजन चढते, आणि दहाव्या वर्षी कुबड्यांवर सहज चालणाऱ्या मुलाला पंधराव्या वर्षी तेच अंतर जड जाते. म्हणजे ज्या वयात शरीर हलते ठेवण्याची सर्वाधिक गरज, त्याच वयात आम्ही शाळावाल्यांनी त्याला बसण्याचा परवाना दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अपंग मुलांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारस आली. पाच ते सतरा वयाच्या अपंग मुलांनीही दररोज सरासरी साठ मिनिटे अंग मोडून हालचाल करावी, अशी ती शिफारस. इतर मुलांना जेवढी, तेवढीच. झेपेल तशी, पण तेवढीच!

शाळेने ज्याला बसवून ठेवले, त्याला उठवण्याचे काम इस्पितळाने केले, आणि तेही युद्धाच्या रेट्याने. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांना हातातोंडाशी गाठ घालणारे काम शिकवावे म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला आले. पण खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये. लुडविग गुटमान हे जर्मनीतले ज्यू मेंदूशल्यविशारद. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये ते इंग्लंडला पळून आले. १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल येथील कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. त्यापूर्वी कमरेखाली लुळा पडलेला माणूस म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, अशीच समजूत होती. अंगाला पडणारी क्षते आणि लघवीतला जंतुदोष त्याला घेऊन जाई. गुटमान यांनी रोग्यांना ठराविक वेळाने कुशीवर वळवायला लावले, बसवले आणि नंतर खेळायला लावले. खेळ हा त्यांच्या लेखी करमणुकीचा प्रकार नव्हता, औषधाचा होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. बारा वर्षांनी, १९६० मध्ये, रोमला सुमारे चारशे अपंग खेळाडू जमले. आज जिला पॅरालिंपिक म्हणतात ती हीच परंपरा.

आपल्याकडेही स्वातंत्र्याच्याच वर्षी मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना उघडला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. आपली मुलगी उपचाराने आणि व्यायामाने सुधारली, मग इतरांच्या का सुधारू नयेत, एवढाच त्यांचा सरळ सवाल होता. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग इस्पितळ उभे राहिले. पण मुंबई कुठे आणि वारासिवनी कुठे! आमच्याकडच्या पोलिओच्या पोराला तेलाची मालीश आणि देवाचा अंगारा, याखेरीज काही मिळाले असेल तर ते त्याचे नशीब.

आता मुरलीकांत पेटकरांकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासाचे मर्म त्या एका माणसात आहे. सांगली जिल्ह्यातले पेठ इस्लामपूर हे त्यांचे गाव. लहानपणी कुस्तीचा नाद. पुढे सैन्यात गेले, ते इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात. तिथे ते मुष्टियोद्धे झाले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे अंग गेले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी इस्पितळात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचे वजन हलके होते. पाय ओढत आले तरी हात आणि खांदे माणसाला पुढे नेतात. बुडण्याची भीती मोडली की उरते ती ताकद. जो मनुष्य रिंगणात ठोसे मारून थकत नसे, त्याच्या खांद्यांना आता नवे काम मिळाले.

१९६८ मध्ये तेल अवीवच्या स्पर्धेला ते टेबल टेनिस खेळायला गेले. १९७२ ची स्पर्धा जर्मनीत हायडेलबर्गला झाली. खरे तर ती म्युनिकला व्हायची, पण ऑलिंपिकसाठी बांधलेल्या इमारती खेळ संपताच दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायच्या होत्या, म्हणून चाकाच्या खुर्चीवाल्यांची रवानगी हायडेलबर्गला झाली. (झाडाखालची जागा तिथेही होतीच म्हणायची!) प्रवासाच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट आणि त्यांची संस्था धावून आली. त्या हायडेलबर्गच्या तलावात पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत कापले आणि सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारताच्या कुणाही खेळाडूने स्वतःच्या एकट्याच्या नावावर मिळवलेले ते पहिले सुवर्णपदक.

आता आपल्या वाचकांनी आठवून पाहावे. १९७२ मध्ये म्युनिकला हॉकीत आपल्याला कांस्यपदक मिळाले, हे आमच्या पिढीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केले. त्याच वर्षी, त्याच देशात, आपल्याच सांगलीकडच्या माणसाने सुवर्णपदक जिंकले, हे आम्हाला कोणत्या मास्तरांनी सांगितले? पेटकर पुण्यात टेल्कोत नोकरी करीत राहिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांना त्यांचे नाव कळले, आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारांच्या उशिरापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोचते. १९७२ साली एखाद्या व्यायामशिक्षकाने हे नाव मैदानावर घेतले असते, तर चपला सांभाळणाऱ्या त्या मुलाने मान वर करून पाहिले नसते काय?

ते घडले नाही, कारण अपंगांच्या खेळाचा प्रवाह इस्पितळातून सैन्याकडे गेला. खडकीला पुढे लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही निघाले. पण शाळेच्या फाटकापर्यंत हा प्रवाह आला नाही. व्यायामशिक्षकाच्या शिक्षणात त्याचा मागमूस नव्हता. आमच्या जुन्या प्रांतातच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवनात दाखवून दिले होते की बोटे झडलेला माणूस विहीर खणू शकतो, शेत पिकवू शकतो आणि कापड विणू शकतो. पुढे तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही झाल्या. आमच्याकडची माणसे आनंदवन पाहायला जात, डोळे पुसत परत येत, आणि सोमवारी शाळा भरली की अर्जावर 'मंजूर' लिहीत.

दरम्यान सरकारी कागदावर पुष्कळ काही घडले. सर्वसाधारण शाळेत अपंग मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ ची. अपंगांसाठीचा कायदा १९९५ चा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्या करारात शाळेतल्या खेळांचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे सोळावे कलम सांगते की शाळेने अपंग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी. 'खेळ' हा शब्द तिथे थेट लिहिलेला आहे. म्हणजे आता सरसकट माफीचा अर्ज मंजूर करणे हे दयेचे काम राहिलेले नाही, ते कायद्याच्या विरुद्ध जाऊ शकते. शब्दही बदलले. मराठीतला 'अपंग' आणि हिंदीतला 'विकलांग' हे दोघेही सरकारदरबारी 'दिव्यांग' झाले. आमच्या शिक्षकांना नवा शब्द तोंडी बसवायला एक बैठक पुरली. मैदानाचे वेळापत्रक बदलायला मात्र बऱ्याच बैठका लागल्या. असो.

या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यांत एक नाव असे आहे, की ते वाचताच आमच्या भागातल्या मुख्याध्यापकाने खुर्चीत सावरून बसावे. सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट आणि मंडला हा सगळा पट्टा या रोगाचा. भारतात तो प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत. मध्य भारतात तो आहे हे शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तो आदिवासींत आहे तसा इतर अनेक समाजांतही आहे. १ जुलै २०२३ रोजी आमच्याच राज्यात, शहडोलला, पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि तपासणीची पथके शाळाशाळांतून फिरली.

पोलिओचा मुलगा दुरून ओळखू येई. सिकलसेलची मुलगी ओळखू येत नाही. हातपाय धड, चालणे धड. पण तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडे, सांधे असे ठणकतात की मोठे माणूसही कळवळावे. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा एकदम दमछाक झाली की हे दुखणे उसळते. काही मुलांच्या खुब्याचे हाड ऐन पौगंडात झिजते आणि ती लंगडू लागतात. अशा मुलीचे शाळेत दोनच प्रकारे होत आले आहे. माहिती नसलेला शिक्षक तिला आळशी म्हणतो आणि उन्हात धावायला लावतो. माहिती असलेला शिक्षक घाबरून तिला कायमची बसवतो. घरचे लोकही हेच सांगतात. "गुरुजी, पोरीले उनात नका ठेवू जी." आईची ही भीती खोटी नाही, हे आधी मान्य करावे लागते. रात्रभर पोरीचे पाय चोळत बसलेली असते ती.

पण तिसराही मार्ग आहे, आणि तो काही अवघड नाही. ज्यांच्यात रोगाचा फक्त अंश आहे, ज्यांना आपल्याकडे वाहक म्हणतात, ती मुले पाणी आणि ऊन सांभाळून बहुतेक सगळे खेळ खेळू शकतात. ज्यांना प्रत्यक्ष रोग आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताचा व्यायाम करावा. सुरुवात सावकाश. दर थोड्या वेळाने पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. लांब पल्ल्याची शर्यत नको, अटीतटीची धाव नको, गार पाण्यात पोहणे नको. दुखू लागले किंवा ताप असेल तर लगेच थांबायचे, आणि थांबल्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत कठीण, कारण आमचा मैदानी संस्कारच 'थांबला तो हरला' असा आहे. आमच्याकडे मैदानावर पूर्वी एकच मडके असायचे आणि पाण्याची सुट्टी तास संपल्यावर. आता प्रत्येकाने बाटली आणायची आणि शिट्टी झाली की सगळ्यांनीच दोन घोट घ्यायचे, असा नियम आहे. एकटीला पाणी प्यायला पाठवले की तिच्याकडे बोट दाखवले जाते. सगळीच प्याली की तो खेळाचा भाग होतो.

माफीच्या अर्जाचा नमुनाही आम्ही बदलला आहे. पूर्वी डॉक्टर फक्त 'व्यायाम वर्ज्य' लिहीत. आता त्याखाली दुसरा रकाना आहे : 'काय करता येईल?' बरेच डॉक्टर तो रिकामाच ठेवतात. मग पालकांना पुन्हा पाठवावे लागते, आणि ते त्रासून बडबडतात. पण दुसऱ्या फेरीत कागदावर काहीतरी येते. बसून चेंडू फेकणे. हातांचे व्यायाम. सावलीत चालणे. त्या दोन शब्दांवर व्यायामशिक्षकाला तास उभा करता येतो.

आणि देशी खेळ यात फार उपयोगी पडतात, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. अमरावतीच्या परंपरेतली लेझीम घ्या. ती खुर्चीवर बसूनही खेळता येते. हलगीचा ठोका कानांना कळतो, म्हणून न दिसणाऱ्या मुलालाही रांगेत राहता येते. ऐकू न येणाऱ्याला शेजाऱ्याचे पाऊल पुरते. बहिऱ्या मुलांच्या शर्यतीला शिट्टीबरोबर झेंडा खाली आणला की प्रश्न मिटतो, त्याला एक पैचा खर्च नाही. चेंडूत छर्रे घालून खुळखुळता केला की अंध मुले क्रिकेट खेळतात. अशा क्रिकेटची जागतिक स्पर्धा १९९८ मध्ये दिल्लीत झालेली आहे. गोळाफेक बसून करता येते, भालाफेक बसून करता येते. बुद्धिबळाला तर मैदानच लागत नाही. पण इथे एक सावधगिरी हवी. अपंग मुलाला कॅरम आणि बुद्धिबळ देऊन मोकळे होणे ही माफीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. बुद्धिबळ जरूर खेळावे, परंतु त्याने घाम येत नाही.

मुलींचे दुखणे दुहेरी. वयात आलेली मुलगी मैदानावर आधीच कमी दिसते. त्यात ती अपंग असली की घरचेही सुटकेचा निःश्वास टाकतात : चला, आता कारण मिळाले. म्हणूनच जबलपूरची रुबिना फ्रान्सिस मला मोलाची वाटते. ती एका मेकॅनिकची मुलगी, पायांत जन्मापासून व्यंग. शाळेत असताना तिला नेमबाजीची ओळख झाली आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात तिने कांस्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी गोळाफेकीत १६.३२ मीटरचे रौप्यपदक आणले. पेटकरांच्याच जिल्ह्यातले ते, बावन्न वर्षांनंतरचे. अमरावतीची कांचनमाला पांडे ही दृष्टिहीन जलतरणपटू २०१७ मध्ये मेक्सिकोला जागतिक विजेती झाली. ही नावे मी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगतो. जबलपूर म्हटले की आमच्या पोरांचे कान टवकारतात, कारण ते नकाशावरचे गाव नाही. तिथे त्यांचा कुणीतरी मामा राहतो.

पदकांची गोष्ट निघाली की आमचे काही शिक्षकबंधू विचारतात, "सर, आपल्यातले कोण जाणार पॅरिसला?" कुणीच जाणार नाही कदाचित. न दिसणारी शेकडो मुलेही सुवर्णपदकासाठी गणित शिकत नाहीत. मुलगा सोळाव्या वर्षी स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत बाजारात जाऊ शकतो की नाही, मुलगी कॉलेजच्या जिन्याचे पंधरा पायठे चढू शकते की नाही, हा या तासाचा निकाल. तो निकाल पत्रकावर येत नाही, पण अकरावीत कोण दिसले आणि कोण घरी बसले, यात तो चोख दिसतो.

आमच्या शाळेत सरकारी निधीतून वर्गांना उतार झाला, त्याला लोखंडी कठडाही बसला. चाकाची खुर्ची फाटकापासून फळ्यापर्यंत विनासायास जाते. पण व्हरांडा आणि मैदान यांच्यामध्ये पावसाळी पाण्याची नाली आहे. हातभर रुंद आणि वीतभर खोल. सबंध मुले ती उडी मारून ओलांडतात, म्हणून ती इतकी वर्षे कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. परवा गवंड्याला बोलावून दाखवली. त्याने टेप लावली, वर दोन फरशा टाकायच्या आणि कडेला थोडा उतार काढायचा, अर्ध्या दिवसाचे काम आहे म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत करून द्यायचे ठरले आहे.